पहिल्या टाकीचा खुराक

त्या सकाळी सूनबाईने दोन वजने केली आणि दोन्हींनी तिच्या तोंडचे पाणी पळवले.

पहिले वजन घरातले, सासऱ्यांचे. आबा काट्यावर चढले, छाती पुढे काढून समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले, आणि काटा मागच्या खेपेपेक्षा थोडा अलीकडेच थांबला. सूनबाईने वाकून पाहिले. मग तिची नजर आबांच्या विजारीच्या फुगलेल्या खिशावर गेली.

"आबा, खिशात काय आहे?"

"काही नाही."

"काढा बघू."

आबांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. मग चष्म्याचे घर काढले. मग बराच वेळ चाचपून एक पितळी कुलूप बाहेर काढले. प्रत्येक वस्तूगणिक काटा आणखी मागे सरकत गेला.

"कुलूप कशाला?"

"किल्ल्या होत्या, म्हटलं कुलूपही असू दे."

"अहो, वजन असं वाढवायचं नसतं. ते खाऊन वाढतं."

"खातो की! ताट बघतेस ना तू रोज?"

ताट ती रोज बघत होती. दुपारी घरी आली की ताट लख्ख, पेला लख्ख. ताटातली दोन उकडलेली अंडी गेलेली, पेल्यातले पावडर घातलेले दूध गेलेले. एवढे सगळे आबांच्या पोटात जाऊन पुढे कुठे जात होते, हेच तिला उमगत नव्हते.

दुसरे वजन घरामागच्या शेडमधले. सूनबाई ज्या केंद्रात काम करत होती तिथे गोड्या पाण्यातल्या माशांची पैदास होत असे, आणि तिच्या ताब्यात बोटुकलीच्या चार टाक्या होत्या. बोटुकली म्हणजे बोटाएवढी झालेली माशांची पोरे. चारही टाक्यांत पाणी तेच, हवा तीच, पोरेही एकाच वयाची. फरक फक्त खाण्यात होता. पहिल्या टाकीला अगदी कमी प्रोटीनचे खाद्य, दुसरीला त्याहून थोडे बरे, तिसरीला आणखी बरे आणि चौथीला भरपूर. वाढत्या पोरांना प्रोटीन जास्त लागते हे जगाला ठाऊकच होते. नेमके किती लागते, किती दिले की पुरे होते आणि त्यापुढचे वाया जाते, हे सांगायचे काम सूनबाईकडे होते. पहिली टाकी होती ती फक्त कमी खाल्ले की काय हाल होतात हे दाखवण्यापुरती.

आणि त्या सकाळी जाळीने उचलून वजन केले तर पहिल्या टाकीतली पोरे चौथ्या टाकीतल्या पोरांपेक्षा जड भरली. सूनबाईने काटा पुसला, पुन्हा वजन केले. मग काटा बदलला. पोरे जडच होती. जाळीत ती नुसती तुकतुकीत दिसत होती आणि जोरजोरात शेपट्या आपटत होती. उपासमारीची एकही खूण त्यांच्या अंगावर नव्हती.

सूनबाई मटकन बादलीवर बसली. काळजी करायला तिला तसे कारण लागत नसे. तिची आई म्हणायची, ही जन्माला आली तीच कपाळावर आठी घेऊन. पण आज कारणही चांगले भक्कम होते. तिची नोकरी अजून कच्ची होती. प्रयोग संपला की तपासणी समिती येणार, टाक्या बघणार आणि तिला कायम करायचे की निरोप द्यायचा ते ठरवणार. राहते घर नोकरीबरोबर मिळालेले. नवरा मालवाहू जहाजावर, कुठल्या तरी समुद्रात. आबांना आजारपणानंतर मुद्दाम इथे आणून ठेवलेले. नोकरी गेली की घर जाणार, आणि अशक्त सासऱ्यांना घेऊन ती जाणार कुठे? आता हा निकाल बघून समिती एकच म्हणणार: बाईंना खाद्याचे डबे ओळखता येत नाहीत, नाही तर वजन करता येत नाही.

ती हा विचार करत असतानाच मोठे साहेब शेडमध्ये आले. केंद्राचे प्रमुख असलेल्या मोठ्या साहेबांना घाईची आणि घोषणेची सारखीच आवड होती. त्यांनी तिच्या खांद्यावरून आकडे वाचले आणि ते जागच्या जागी थबकले.

"अहो मॅडम! पहिली टाकी पुढे?"

"साहेब, काहीतरी चुकलंय."

"कमीत कमी प्रोटीन आणि जास्तीत जास्त वाढ! म्हणजे महागाचं खाद्य घालायची गरजच नाही! घबाड लागलं की हो हाताला!"

"साहेब, असं होऊच शकत नाही. मला जरा वेळ द्या, मी शोधून काढते."

"शोध लागलाय, आता आणखी काय शोधता?" असे म्हणत साहेब बाहेर पडले. सूनबाई त्यांच्यामागे धावली, पण तोवर त्यांनी फोन कानाला लावला होता आणि समितीला, महिनाअखेरीस कशाला, पुढच्याच आठवड्यात या, असे आग्रहाचे आमंत्रण गेले होते.

घरी येऊन सूनबाईने आधी खाद्य तपासले. केंद्रातले यंत्र बंद पडल्यापासून ती ते स्वयंपाकघरातच बनवत असे. मासळीची भुकटी, सोयापेंड, कोंडा आणि पीठ मोजून कालवायचे, खिमा करायच्या यंत्रातून काढायचे, भट्टीत वाळवायचे आणि बारीक तुकडे करून डब्यात भरायचे. चार टाक्यांचे चार डबे. तिने सगळे डबे रिकामे करून चारही घाणे नव्याने केले. घरभर खरपूस वास सुटला. आबा दारात उभे राहून बघत होते.

"पहिल्या टाकीच्या डब्यात याही खेपेला मासळी जवळजवळ नाहीच की गं."

"नाहीच घालायची, आबा. मागेही सांगितलं होतं ना, त्यांना कमी द्यायचं ठरलंय."

"ही पण पोरंच ना?"

"पोरंच आहेत."

"हं," आबा म्हणाले, आणि तोंड गोरेमोरे करून निघून गेले. सूनबाईला वाटले, अशक्तपणामुळे त्यांना फार वेळ उभे राहवत नसावे. तिने ताबडतोब डॉक्टरांना फोन लावला.

"खाणं सगळं जातंय?" डॉक्टरांनी विचारले.

"सगळं जातंय, डॉक्टर. ताट चाटूनपुसून साफ असतं. तरी वजन कमीच होतंय."

"मग कमी पडतंय. वाढवा."

सूनबाईने वाढवले. दोन अंड्यांची तीन झाली, एका पेल्याचे दोन झाले. पावडर चॉकलेटच्या चवीची होती. म्हाताऱ्या माणसाला तेवढाच चवीत बदल, म्हणून तिने हौसेने आणली होती. रोज सकाळी कामावर जाताना ती ताट झाकून ठेवायची, पेल्यावर बशी ठेवायची, "आबा, सगळं संपवा हं," असे दारातून ओरडायची आणि पळायची. रोज दुपारी सगळे संपलेले असायचे. पुढच्या वजनाला आबा आणखी उतरले आणि पहिली टाकी आणखी चढली.

वाचकांच्या मनात एव्हाना जे आले आहे ते सूनबाईच्या मनात का आले नाही, असे कोणी विचारेल. काळजीत बुडालेल्या माणसाला नाकासमोरचे दिसत नाही हेच खरे. आणि इथे तर ते अक्षरशः नाकासमोर होते, कारण त्याच आठवड्यात पहिल्या टाकीला चॉकलेटचा वास येऊ लागला.

टाक्यांची राखण कॅप्टनकडे होती. हा कॅप्टन कुठल्या जहाजावरचा नव्हता. तो डोक्यावरची टोपी घरीदारी कधीच उतरवत नसे म्हणून त्याला सगळे तसे म्हणत. सूनबाईने त्याला टाकीपाशी बोलावले.

"कॅप्टन, इथे कसला वास येतोय का बघा."

कॅप्टनने टोपी मागे सरकवली आणि वाकून हुंगले. "माशाचा."

"त्याशिवाय?"

"ओल्या माशाचा."

"चॉकलेटचा नाही येत?"

कॅप्टन सरळ झाला आणि तिच्याकडे कणवेने बघू लागला. "मॅडम, मी सांगतो ऐका. समिती येऊन जाऊ द्या, मग चार दिवस कुठेतरी जाऊन या. फार ताण घेता तुम्ही."

मोठ्या साहेबांना मात्र वास आला. त्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि निरोगी पाण्याचा वास असाच असतो, असा निर्वाळा दिला.

मग एका सकाळी टाकीच्या तळाशी पांढरे तुकडे दिसले. बुरशी! पोरांना बुरशी लागली तर चारही टाक्या चार दिवसांत साफ होतात. तिने ते तुकडे बाटलीत घातले आणि केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मैत्रिणीकडे धाडले. दुपारी मैत्रिणीचा फोन आला.

"अगं, बुरशी नाहीये."

"मग? आणखी काही वाईट आहे का? स्पष्ट सांग."

"अंडं आहे."

"माशाचं?"

"कोंबडीचं. कडक उकडलेलं. तुमच्याकडची माणसं टाकीवर बसून जेवतात की काय? जरा दम दे."

सूनबाईचा जीव भांड्यात पडला आणि लगेच डोके तापले. शेडमध्ये दिवसभर असतो कोण? कॅप्टन. डबा खातो कुठे? टाकीजवळच्या बाकावर. गणित सोपे होते. ती तडक त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"कॅप्टन, तुम्ही पहिल्या टाकीत अंडं टाकता?"

"मी?"

"तुमच्याशिवाय इथे आहे कोण?"

कॅप्टनचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. "मॅडम, केस पिकले माझे या टाक्यांवर. माझ्या घरात अंडं शिरत नाही. बायकोला वास सहन होत नाही. हातात अंडं घेऊन गेलो तर ती मला दारातूनच परत पाठवेल. आणि तुम्ही माझ्यावर असला आळ घेता?"

"आळ नाही हो, विचारलं फक्त."

"विचारलंत ते पुरे झालं," कॅप्टन म्हणाला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, ती बाकावर ठेवली आणि तो चालता झाला. त्याचे टक्कल त्या दिवशी केंद्राने पहिल्यांदा पाहिले. समितीला यायला दोनच दिवस उरले होते.

आता पाणी बदलायचे, हवेच्या नळ्या बघायच्या, चारही टाक्यांना वेळच्या वेळी खाऊ घालायचे आणि वर साहेबांच्या घोषणेसाठी तक्ते रंगवायचे, हे सगळे सूनबाईच्या एकटीच्या गळ्यात पडले. संध्याकाळी ती घरी आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. नेमका तेव्हाच जहाजावरून नवऱ्याचा फोन आला.

"बाबा काय म्हणतात? वजन वाढलं का?"

"वाढेल," ती म्हणाली आणि फोन आबांच्या हातात देऊन तोंड धुवायला गेली.

आबांचे बोलणे संपले तसे ते दारात येऊन उभे राहिले. "सूनबाई, एवढी का घाबरलीस? मी आहे ना. खाऊ मी घालतो तुझ्या पोरांना. घराच्या मागे चार पावलं तर जायचंय."

सूनबाईला भरून आले. आजारातून उठलेला माणूस, अंगात बळ नाही, तरी सुनेसाठी उभा राहतो. तिने त्यांना शेडमध्ये नेऊन चारही डबे दाखवले.

"हा पहिलीचा, हा दुसरीचा. डब्यांची अदलाबदल अजिबात करायची नाही, आबा. माझी नोकरी यावर आहे."

"डब्याला डबा लागू देणार नाही," आबांनी शब्द दिला. आणि तो त्यांनी तंतोतंत पाळला, हे इथे सांगितले पाहिजे.

समितीच्या दिवशी सकाळी सूनबाई कार्यालयात तक्ते लावत होती. तेवढ्यात आठवले, पाहुण्यांना पोरे उचलून दाखवायची बारीक जाळी शेडमध्येच राहिली आहे. ती मागच्या वाटेने धावत गेली. मागच्या दाराला नुसती कडी असायची. ती निघालेली होती. आत पहिल्या टाकीपाशी उपड्या बादलीवर आबा बसले होते. मांडीवर ताट, शेजारी पेला. एका हाताने ते अंड्याचा बलक कुस्करून पाण्यात सोडत होते आणि मधूनमधून पेला कलता करत होते.

"हळू रे, हळू. सगळ्यांना मिळणार आहे," आबा पाण्याला सांगत होते. "ए जाड्या, तू मागे हो. त्या लहानग्याला येऊ दे पुढे."

"आबा!"

आबा दचकले. अर्धे अंडे बुडकन टाकीत पडले आणि दिसेनासे झाले.

"हे काय चाललंय?"

"न्याहारी."

"कोणाची?"

"यांची," आबा म्हणाले. मग सुनेचा चेहरा बघून त्यांनी ताट खाली ठेवले. "तूच म्हणालीस ना, यांना मुद्दाम कमी देता म्हणून?"

"अहो, प्रयोग आहे तो!"

"चार भावंडांत एकाच्याच ताटात कमी वाढायचं, त्याला प्रयोग नाही म्हणत, सूनबाई. त्याला सावत्रपणा म्हणतात."

"आणि तुमचं काय? तुम्हाला सांगितलंय ना डॉक्टरांनी? मी तोलून मापून देते ते सगळं यांच्या पोटात? केव्हापासून?"

"पहिल्यापासूनच," आबा खाली मान घालून म्हणाले. "आधी दारातल्या कुत्र्याला दिलं. त्याने अंडं खाल्लं, पण दूध हुंगून जो गेला तो परत फिरकला नाही. मग इथे आणलं. कॅप्टन चहाला जातो तेवढ्यात." त्यांनी पेला बाजूला सरकवला. "घशाखाली उतरत नाही गं. एकट्याने सोलायचं, एकट्याने गिळायचं, समोर भिंत. परत ठेवावं तर तुला वाईट वाटणार, एवढ्या घाईत करून जातेस. आणि ही पोरं बघ, मी आलो की कशी धावत येतात. घरात मी आलो की कोण धावत येतं, सांग बरं?"

सूनबाईला भयंकर राग आला होता. पण बोटाएवढ्या पोरांना किती खाऊ लागतो हे तिला दशांशापर्यंत पाठ होते, आणि घरातला म्हातारा माणूस काय खातो हे तिने एकदाही समोर बसून पाहिले नव्हते. रागापेक्षा तिला लाज जास्त वाटली.

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

"मी सांगू का त्यांना?" आबांनी विचारले.

"तुम्ही एक अक्षर बोलू नका. तिकडे भिंतीला टेकून उभे राहा फक्त."

समितीत तिघे होते, पण दोघे नुसती मान हलवायला आलेले. खरा शब्द समितीच्या प्रमुख बाईंचा. जाड भिंगांचा चष्मा, पाठीमागे बांधलेले हात, आणि कोणी काहीही सांगितले की त्या फक्त "बरं" म्हणत. मोठे साहेब वाटेतच सुरू झाले होते. कमी खाद्य, जास्त वाढ, मत्स्यपालनात नवे युग. "बरं," बाई म्हणाल्या. सूनबाई गप्प राहिली तर नोकरी पक्की होती. साहेबांनी सगळी वाट झाडूनच ठेवली होती. पण हा खोटा निकाल पक्का झाला की गावोगावचे तळेवाले हे भिकार खाद्य घालत बसणार आणि त्यांची पोरे वाळणार.

"खाऊ घालून दाखवा," बाई म्हणाल्या.

सूनबाईने पहिल्या डब्यातले खाद्य पहिल्या टाकीत टाकले. पोरांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही. सगळी पोरे टाकीच्या पलीकडच्या कडेला, आबा उभे होते तिथे, काचेला नाक लावून गोळा झाली होती. संकोचून आबा दोन पावले डावीकडे सरकले. सगळी टाकी डावीकडे सरकली. आबा घाबरून उजवीकडे गेले. टाकी उजवीकडे गेली.

"वाऱ्यामुळे असेल," मोठे साहेब म्हणाले.

"शेडमध्ये वारा कुठे आहे?" बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "हे गृहस्थ कोण?"

"हे... हे असेच, पाहुणे," साहेबांनी सावरून घेतले.

"पहिल्या टाकीला पाहुण्यांचा फार लळा दिसतो."

सूनबाईने हातातला डबा खाली ठेवला. "बाई, ते माझे सासरे आहेत. अशक्तपणासाठी मी त्यांना देते ती अंडी आणि चॉकलेटची प्रोटीन पावडर ते रोज या टाकीत टाकत होते. मला आज कळलं, आत्ता, तुम्ही यायच्या पाच मिनिटं आधी. पहिल्या टाकीचा एकही आकडा खरा नाही. शोधबिध काही लागलेला नाही."

मोठे साहेब खाली बसले. बसायला तिथे काही नव्हते, तरी बसले.

"अंडी किती?" बाईंनी विचारले.

"आधी दोन. डॉक्टरांनी वाढवल्यावर तीन."

"म्हणजे या टाकीला चौथीपेक्षाही जास्त प्रोटीन मिळालं."

"हो."

"आणि तीच सगळ्यात जास्त वाढली."

"हो."

"मग पोरांनी तर काही चूक केलेली नाही," बाई म्हणाल्या. "नवी पोरं आणा. पहिल्यापासून करा. शेडला दोन्हीकडून कुलूप. तुमच्या नोकरीचं काय ते तेव्हा बघू."

घर राहिले, पण टांगलेलेच राहिले. सूनबाई टोपी घेऊन कॅप्टनच्या घरी गेली आणि हात जोडून त्याची समजूत घालून आली. कॅप्टन परत आला, फक्त अंडे हा शब्द आपल्यासमोर उच्चारायचा नाही, एवढी अट त्याने घातली. मागच्या दाराला कुलूप लागले. ते आबांनीच आपल्या खिशातले दिले.

घरातही वेळापत्रक बदलले. सूनबाई आता पहाटे उठून कामे उरकायची आणि न्याहारीला आबांसमोर बसायची. चॉकलेटच्या पावडरीचा डबा तिने कोणालातरी देऊन टाकला. अंडी दोघांत वाटून, गप्पा मारत खाल्ली जात. दुपारी यायला आता तिला जमत नसे, याचे वाईट वाटे. पण काट्यावर चमत्कार झाला. आबांचे वजन चढू लागले. खिसे उलटे करून बघितले, रिकामे होते. गालांवर मांस आले, आवाजात जोर आला. तिने नवऱ्याला फोनवर अभिमानाने सांगितले, "प्रोटीनबिटीन सगळं नावाला असतं हो. माणसाला जीव लावावा लागतो."

प्रयोगही शहाण्यासारखा चालला. पहिल्या टाकीतली पोरे बारीक राहिली, चौथीतली भराभर वाढली, आणि तिसरी चौथीच्या मागोमाग येऊन नेमके किती पुरते ते दाखवून गेली. समिती पुन्हा आली. बाईंनी एकेका टाकीतली पोरे स्वतः उचलून पाहिली, "बरं" म्हणाल्या, पण निकाल सांगितला नाही. कार्यालयात रंगकाम चालू होते, म्हणून सगळ्यांना चहाला घरीच न्यावे लागले.

सूनबाई चहा गाळत असताना बाहेरून आबांचा आवाज आला. "हे घ्या ना. चहाबरोबर फार छान लागतं. मी तर रोज दुपारी खातो, वाटीभर."

ती कपांचे ताट घेऊन बाहेर आली आणि दारातच खिळली. आबांच्या हातातल्या वाटीत तपकिरी, कुरकुरीत, बारीक तुकडे होते. ते तिने ओळखले. तिनेच कालवले होते, तिनेच वाळवले होते. चौथ्या टाकीचा जास्तीचा घाणा, फडताळात वरच्या फळीवर ठेवलेला. रोज दुपारी, वाटीभर. आबांच्या गालांवरचे मांस कुठून आले ते तिला त्या क्षणी कळले, आणि नवऱ्याला फोनवर काय सांगितले होते तेही आठवले.

ती काही बोलायच्या आत बाईंनी चिमूटभर उचलून तोंडात टाकले होते. मोठ्या साहेबांनी तर मूठच भरली.

"वा! काय खमंग आहे हो!" साहेब म्हणाले. "घरचं का?"

आबांनी उत्साहाने तोंड उघडले. सूनबाईने घाईघाईने कप त्यांच्या हातात दिला.

"घरचंच," ती म्हणाली. "प्रोटीन भरपूर आहे." यात खोटे तर एक अक्षर नव्हते. खरे सगळेच्या सगळे बोलायचे तर तिने एकदा बोलून पाहिले होते. रोज रोज माणसाला तेवढे धैर्य कुठून येणार?

बाई डोळे मिटून सावकाश चावत होत्या. एक तुकडा, मग दुसरा. चहा संपला. बाई उठल्या, तिला खूण करून दारापर्यंत घेऊन गेल्या. आत साहेब आबांना विचारत होते, "अजून आहे का हो थोडं?"

"नोकरी कायम," बाई म्हणाल्या. "प्रयोग चांगला झालाय. तिसऱ्या टाकीचा हिशेब मला विशेष आवडला."

"बाई, मी..."

"मासळीची भुकटी, सोयापेंड, कोंडा, आणि बांधायला गव्हाचं पीठ." बाईंनी दातात अडकलेला कण जिभेने काढला आणि आवाज खाली आणला. "चौथ्या टाकीचं ना?"

सूनबाईची मान नुसतीच हलली.

"माझं सगळं आयुष्य यात गेलंय. प्रत्येक घाणा मी आधी स्वतः चाखायची." बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पायरी उतरल्या. "पोरांना असंच चालेल. सासऱ्यांसाठी करशील तेव्हा मात्र थोडं मीठ घाल."